राजपत्राचं पान आणि नगरची ॲना

गेल्या वर्षी आमची मुलुंड पूर्वेची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. बिल्डरने घर रिकामं करायची तारीख दिली आणि आम्ही माळा उतरवायला घेतला. तीसेक वर्षांचा माळा. पितळेचे डबे, बंद पडलेला मिक्सर, माझी नववीची प्रयोगवही, कुणाच्या तरी लग्नात आलेल्या आणि कधीच न वापरलेल्या चादरी. सगळ्यांत मागे एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात कागद.

त्या कागदांत महाराष्ट्र शासन राजपत्राचं एक पान होतं. १९८७ सालचं, घडीवर फाटलेलं. नावं बदलल्याच्या जाहिरातींचं पान. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं, अशा ओळीच ओळी. त्यातल्या एका ओळीखाली निळ्या शाईची रेघ मारलेली होती. उजवीकडचं आडनाव माझं होतं. डावीकडचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

बाबांना विचारलं. ते डबे मोजत होते. "चर्नी रोडला जाऊन केलं होतं, सरकारी प्रेसमध्ये," म्हणाले. आणि मग, "मिक्सर भंगारात द्यायचा का बघ."

जुनं आडनाव मी इथे लिहिणार नाही. त्यावरून गावातली आमची वस्ती कळते, एवढंच सांगते. नवं आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून केलेलं आहे. मुंबईत अशी 'कर'वाली आडनावं ढिगाने सापडतात. त्या ढिगात आम्ही मिसळून गेलो.

पुढच्या आठवड्यात भाड्याचं घर शोधत होतो. एजंटचे प्रश्न ठरलेले. किती माणसं, नोकरी कुठे, नॉनव्हेज खाता का, आडनाव काय. बाबांनी आडनाव सांगितलं. ते मी हजार वेळा ऐकलंय, पण ते किती पटकन सांगतात हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत.

मी अंधेरीला नोकरी करते. मुलुंड ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रो. त्या दिवसांत या प्रवासात मी फोनवर तुकड्यातुकड्याने 'ॲना अँड द किंग' पाहत होते. १९९९ चा सिनेमा, जोडी फॉस्टरचा. एकोणिसाव्या शतकातली एक इंग्रज विधवा सियामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजवाड्यात राजाच्या मुलांना शिकवायला जाते. राजाचं डोकं फिरवते, मन वितळवते, वगैरे. पाहायला छान आहे. थायलंडमध्ये मात्र त्यावर बंदी आली. सिनेमा संपल्यावर सवयीने गूगल केलं, ही बाई खरी होती का म्हणून. तर होती. ॲना लिओनोवेन्स, लेखिका. मेट्रोत दांड्याला धरून उभी होते तेव्हा पुढची ओळ वाचली. जन्म १८३१, अहमदनगर.

माझ्या बाबांचा जिल्हा. आता अहिल्यानगर. त्या जिल्ह्याचंही नाव राजपत्रातूनच बदललं.

आता तुम्हाला ॲना स्वतःबद्दल काय सांगायची ते सांगते. जन्म वेल्समधल्या कार्नार्व्हनचा, साल १८३४. माहेरचं नाव क्रॉफर्ड. वडील कॅप्टन, लढाईत पडले. शिक्षण तिकडेच. पंधराव्या वर्षी जहाजाने हिंदुस्थानात आईकडे आली. नवरा मेजर होता, तोही गेला. घराणं चांगलं, दिवस वाईट, म्हणून नोकरी करावी लागली.

आणि कागद काय सांगतात? वडील थॉमस एडवर्ड्स, कंपनीच्या फौजेत सार्जंट. ॲना जन्मायच्या तीन महिने आधीच वारले. आईने दुसरं लग्न केलं ते एका आयरिश कॉर्पोरलशी. मुलगी छावणीत, बराकींमध्ये वाढली, आधी नगर आणि मग पुणे. भायखळ्याच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकली. ती शाळा होती वडील मेलेल्या किंवा सोडून गेलेल्या गोऱ्या शिपायांच्या मिश्र रक्ताच्या मुलांसाठी. १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात तिचं लग्न झालं. नवरा मेजर नव्हता, कारकून होता. १८५२ मध्ये दोघांनी हिंदुस्थान सोडला. पुढच्या दोनच वर्षांच्या हिशोबात दोन मुलं दगावली, नंतर दोन जगली. १८५९ मध्ये पेनांगला नवरा गेला, तेव्हा तो एक हॉटेल सांभाळत होता.

सत्तावीस वर्षांची विधवा, पदरात दोन मुलं, परका मुलुख. ती सिंगापूरला गेली आणि तिथे एक नवी बाई जन्माला आली. आडनावसुद्धा नवऱ्याची दोन नावं जोडून तयार केलेलं. तो होता थॉमस लिऑन ओवेन्स, त्याचं झालं लिओनोवेन्स. या नव्या बाईने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. बराकीत वाढलेल्या, काळ्या रक्ताची शंका असलेल्या बाईकडे त्या साहेबांनी आपली मुलं पाठवली नसती. वेल्सच्या कॅप्टनच्या मुलीकडे पाठवली. १८६२ मध्ये सियामच्या राजाकडून बोलावणं आलं तेही त्या दुसरीलाच.

पाच-साडेपाच वर्षं ती बँकॉकला होती. मग अमेरिकेत जाऊन तिने पुस्तकं लिहिली. 'द इंग्लिश गव्हर्नेस ॲट द सियामीज कोर्ट', १८७०. शीर्षकातला पहिलाच शब्द तिने आयुष्यभर सांभाळला. पुढे १८८४ मध्ये हिंदुस्थानावरही एक पुस्तक आलं. त्यात मुंबई आहे, पुणं आहे, देवळं आहेत, पारशी आहेत, आणि हे सगळं नव्याने पाहणारी एक इंग्रज तरुणी आहे. उपशीर्षकात म्हटलंय, रेल्वे यायच्या आधीच्या प्रवासाच्या आठवणी. ते खरंच आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ ची, आमच्या मुलुंडवरून गेलेली, आणि ती तर वर्षभर आधीच निघून गेली होती. पण विचार करा. ज्या मातीत आपण रांगलो, तिचं वर्णन पाहुणीच्या डोळ्यांनी करायचं. वाक्यावाक्याला सांभाळायचं की कुठे जास्त ओळख दिसता कामा नये. मला ते पुस्तक वाचताना तिच्या थापांचा राग कमी आला, दमणूक जास्त जाणवली. बाबा एजंटला आडनाव सांगतात तशी दमणूक. शंभर-सव्वाशे पानं नव्हे, सगळं आयुष्य.

१९१५ मध्ये ती माँट्रियलला वारली. तिथल्या दफनभूमीतल्या दगडावर 'मेजर' लिओनोवेन्सची पत्नी असंच कोरलेलं आहे. पकडली कधीच गेली नाही.

पकडलं कुणी आणि केव्हा, तेही मजेशीर आहे. ब्रिस्टो नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ होते. त्यांचा मूळ अभ्यास कोळ्यांचा, म्हणजे जाळं विणणाऱ्या किड्यांचा. त्यांना ॲनाच्या मुलाचं, लुईचं चरित्र लिहायचं होतं. तिकडच्या नोंदी शोधताना काही जुळेना. वेल्समध्ये जन्माची नोंद नाही. शोधत शोधत ते कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या कागदांपर्यंत आले आणि १९७० च्या दशकात सगळं उघड झालं. पुढे सूझन मॉर्गन यांनी २००८ मध्ये चरित्र लिहिलं, त्याचं नावच 'बॉम्बे ॲना'. २०१४ मध्ये आल्फ्रेड हाबेगर यांनी लिहिलं, त्याचं नाव 'मास्क्ड', मुखवटा घातलेली. दोन नावांतच दोन सूर आहेत. मॉर्गनना तिचं धाडस दिसतं, हाबेगर तिचा एकेक शब्द तपासतात.

मी दोन्ही बाजूंनी वाचत गेले तसा एक प्रश्न मला सोडेना. या बाईची आठवण जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? तिने लिहून ठेवलेली ती, की तिने पुसलेली ती? एखादा माणूस आयुष्यभर एक गोष्ट लपवतो. त्याच्या मरणानंतर ती शोधून काढून जगाला सांगणं, याला आठवण जपणं म्हणायचं का चहाडी?

आपल्याकडे याला शब्द तयार आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षकातलं क्रियापद बघा, चोरली. मुंबईत, पुण्यात, कुठेही लोक सहज म्हणतात, त्याने जात चोरली. जणू काही दुसऱ्याची वस्तू उचलली. खरं तर माणूस एवढंच करतो की दुसऱ्यांनी त्याच्या कपाळावर चिकटवलेलं लेबल काढून खिशात ठेवतो. चोरी कसली त्यात? लेबल चिकटवणाऱ्याला मात्र कुणी चोर म्हणत नाही.

म्हणून ॲनाला 'खोटारडी' म्हणून निकाल लावणारे लेख वाचले की मला ते एजंटच्या रांगेत उभे दिसतात. आडनाव काय? खरं आडनाव काय?

पण मग दुसऱ्या बाजूला सरळ माफी देऊन मोकळं व्हावं, तर तसंही जमत नाही. तिच्या खोट्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

पहिली किंमत बहिणीने. ॲनाला एक मोठी बहीण होती, एलायझा. तिचं पंधराव्या वर्षी छावणीतल्याच एका सार्जंट-मेजरशी लग्न झालं. ॲना सियाममध्ये असताना बहिणीने तिच्याशी संपर्क साधायचा प्रयत्न केला, तर ॲनाने कळवलं की पुन्हा असं केलंस तर मी जीव देईन. सख्ख्या बहिणीला. (याच एलायझाचा नातू पुढे हॉलिवूडला गेला आणि बोरिस कार्लोफ या नावाने फ्रँकेनस्टाइनचा राक्षस झाला. त्याचंही खरं नाव वेगळंच, विल्यम हेन्री प्रॅट. या घराण्यात मुखवट्यांना तोटा नव्हता.)

दुसरी किंमत सियामच्या माणसांनी. राजा मोंगकुट गादीवर यायच्या आधी सत्तावीस वर्षं भिक्षू होता. लॅटिन आणि इंग्रजी शिकला होता, खगोलशास्त्राचा त्याचा अभ्यास होता. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं गणित त्याने स्वतः मांडलं, ते पाहायला पाहुणे घेऊन गेला, तिथून ताप घेऊन आला आणि महिन्या-दीड महिन्यात वारला. ॲनाच्या पुस्तकांतून जगाला दिसला तो लहरी, रागीट राजा, जो राजवाड्याखालच्या तळघरात बायकांना डांबतो. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ की तिथे अशी तळघरं असणं कठीण, हे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं. पण तोवर १९४४ ची मार्गारेट लँडनची कादंबरी, १९५१ चं 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक, १९५६ चा सिनेमा, सगळं होऊन गेलं होतं. जनानखान्यातल्या बायकांच्या गुलामगिरीबद्दल तिने लिहिलं त्यात खऱ्याचाही भाग होता, आणि ते लिहायला हिंमत लागते हे मी मान्य करते. तरीही ती हे सगळं कुठल्या उंचीवरून बोलली? इंग्रज कातडीच्या. ती कातडी उसनी होती आणि त्या उंचीवरून खाली बघताना तिला जे लोक रानटी दिसले, तसेच लोक साहेबाला तिच्या आजोळी दिसत होते. वरच्या मजल्यावर पोचलेला माणूस पायऱ्या विसरतो, हे आपण आपल्या बिल्डिंगमध्येही पाहतो.

आणि तिसरी बाई. हिच्यापाशी मी अडकले.

ॲनाच्या आईचे वडील विल्यम ग्लासकॉट. मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीत लेफ्टनंट. त्यांचं नाव आहे, हुद्दा आहे, पलटणीचा क्रमांक आहे. ज्या बाईपासून त्यांना मुलगी झाली, म्हणजे ॲनाची आजी, तिचं नाव कुठेही नाही. ती हिंदी होती किंवा अर्धी हिंदी, असं अभ्यासक मानतात, आणि ॲनाने आयुष्यभर जे काही लपवलं ते मुळात हीच बाई होती. पण हिला ॲनाने पुसलं नव्हतं. ॲना जन्मायच्या आधीच कुणीतरी रजिस्टर उघडून लेफ्टनंटसाहेबांचं नाव लिहिलं होतं आणि तिचं लिहिण्याची गरज वाटली नव्हती. नातीने फक्त तो कारभार पुढे चालवला. आपण ॲनाचा खोटेपणा तपासायला दीडशे वर्षांच्या नोंदी उचकतो. त्या नोंदींनीच केलेली ही लबाडी मात्र कागदाची असल्यामुळे पुरावा ठरते.

त्यामुळे माझं मत असं झालंय की ॲनाचं गुपित फोडणं चूक नव्हतं. मेलेल्या माणसाच्या इच्छेला मान द्यावा हे खरं, पण तिची इच्छा पाळायची म्हणजे तिची आई, बहीण आणि ती नाव नसलेली आजी, तिघींना दुसऱ्यांदा पुरायचं. तो अधिकार ॲनालाही नव्हता. फोडल्यानंतर आपण काय करतो, तिथे मात्र आपली परीक्षा आहे. सध्या इंटरनेटवर चालतं ते दोनच प्रकारचं. एक, 'हॉलिवूडच्या ॲनाचं खोटं उघड'. दोन, 'तुम्हाला माहीत आहे का, ही ॲना आपली नगरची!' दुसरं मला जास्त हसवतं. जिने नगरचं नाव काढलं तर जीव दिला असता, तिला आपण अभिमानाने मिठी मारायला निघालोय. आणि कुणाचा अभिमान? छावणीतल्या त्या मुलीला त्या काळी आपल्यातल्या किती घरांनी पाण्याला शिवू दिलं असतं?

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला १८८७ मध्ये एक कलाशाळा निघाली, तिच्या संस्थापकांत ॲना होती. ती शाळा आज विद्यापीठ आहे आणि तिथल्या कलादालनाला तिचं नाव आहे. माँट्रियलचा दगडही आहे. मला विचाराल तर त्या दगडावरचा 'मेजर' खोडू नये. ते खोटं तिने कमावलेलं आहे. फक्त त्याच्या शेजारी दुसरी ओळ असावी. डावीकडे एडवर्ड्स, अहमदनगर, उजवीकडे लिओनोवेन्स. कारण नको, शेरा नको. राजपत्रात असतं तसं.

हे लिहिताना मला कळलं की बाबांचं पान मी इतके दिवस चुकीचं वाचत होते. मला वाटत होतं, त्यांनी लपवलं. पण राजपत्र हा जगातला सगळ्यांत उघडा कागद. पूर्वी अमुक होतो, आता तमुक आहे, असं त्यांनी सरकारी प्रेसमध्ये पैसे भरून छापून आणलं. घरात सांगितलं नाही, एवढंच. ॲनाला अशी दोन रकान्यांची सोय नव्हती. तिच्यापुढे एकच रकाना होता आणि त्यात एकच नाव मावत होतं.

तरी मेलेल्या ॲनाला लावलेला न्याय मी जिवंत बाबांना लावू शकत नाही. ते अजून घर शोधताहेत. म्हणून हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. कोळ्यांच्या अभ्यासकापाशी हसले. बागुलांचं नाव आलं तेव्हा "वाचलंय मी" म्हणाले. तेही मला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाले, "लिही. जुनं आडनाव घालू नको. मी आहे तोवर नको."

एवढ्यात आणखी एक झालं. गावाकडचा माझा चुलतभाऊ वंशावळ तयार करतोय. पणजोबांपासून सगळे. कच्चा आराखडा त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि मुंबईच्या शाखेची माहिती मागितली. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला, इकडून तिकडे सरकवला. मग मला म्हणाले, "यात सगळे बाप्येच आहेत. माझ्या आईचं नाव कुठेय?"

आजी मी चार वर्षांची असताना गेली. ती गावीच राहायची, मुंबईत दोनदाच आली. नावं बदलल्यावर बाबा तिला इकडे का आणत नव्हते, हे आता मला विचारावं लागत नाही.

त्यांनी फोन घेतला आणि ग्रुपवर तिचं नाव टाइप केलं. तिचं, मग तिच्या आईचं. मला पहिल्यांदा कळलं ते. दादाचं उत्तर लगेच आलं, "हो काका, आत्याबाईंचीपण घालतो. तुमच्या खाली आडनाव कुठलं लिहू?"

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या फोनवर ग्रुप उघडा होता. बाबा बाहेरच्या खोलीत होते आणि वर त्यांच्या नावासमोर दिसत होतं, टायपिंग. थांबलं. पुन्हा, टायपिंग.